चाळीस अब्ज वॅट आणि कपभर चहा

गेल्या वर्षी गणपतीत मी पुण्याला बहिणीकडे गेले होते. दुपारची जेवणं आटोपली, आणि भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, तू वीजवाली ना? मग हे वाच आणि खरं का खोटं ते सांग."

निरोप लांबलचक होता. भारताने गुपचूप 'काली' नावाचं अस्त्र तयार केलं आहे. ते ४० गिगावॅटचा किरण सोडतं. शत्रूचं क्षेपणास्त्र त्याने हवेतच निकामी होतं. आणि एप्रिल २०१२मध्ये सियाचीनजवळ गयारी इथे पाकिस्तानी लष्कराच्या तळावर जो बर्फाचा डोंगर कोसळला, तो याच अस्त्राने पाडला. खाली झेंडे, जोडलेले हात, आणि 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा'.

मी शासकीय तंत्रनिकेतनात ३२ वर्षं विद्युत अभियांत्रिकी शिकवली. 'खोटं आहे, पुसून टाक' असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पंचाईत अशी, की निरोप सगळा खोटा नव्हता. काली नावाचं यंत्र खरंच आहे, आणि ४० गिगावॅट हा आकडाही हवेतून काढलेला नाही. भाचा बँकेत कर्जविभागात आहे. आकड्याला आकडा विचारायची त्याची सवय. "४० गिगावॅट म्हणजे किती गं?" मी म्हटलं, "भर उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राला जेवढी वीज लागते, त्याहून जास्त."

"बघ!" तो म्हणाला.

त्या 'बघ'वर माझी गाडी अडली. चूक कुठे आहे हे मला दिसत होतं, पण दोन वाक्यांत सांगता येईना. तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि विषय राहिला. पुढे थंडीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मुंबईत पल्स पॉवर तंत्रज्ञानावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत मागच्या बाकावर बसायला मिळालं. हा लेख म्हणजे त्या 'बघ'ला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे.

घोळाची सुरुवात भाषेपासून होते. विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकात फोर्स म्हणजे बल, एनर्जी म्हणजे ऊर्जा आणि पॉवर म्हणजे शक्ती. वर्गात हे तीन शब्द तीन खणांत ठेवायचे, आणि वर्गाबाहेर पडलं की तिन्ही एकाच पिशवीत. 'अंगात बळ नाही', 'शक्ती नाही', 'एनर्जी नाही' ही तिन्ही वाक्यं आपण एकाच तापात म्हणतो. रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र बिघडतं. ऊर्जा म्हणजे साठा. शक्ती म्हणजे तो साठा खर्च होण्याचा वेग. महिन्याला वीजबिल येतं ते ऊर्जेचं, युनिटांमध्ये. गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं ती शक्ती. फुलबाजीत आणि फटाक्यात समजा सारखीच ऊर्जा असलेली दारू भरली, तरी फुलबाजी मिनिटभर शांतपणे जळते आणि पोरांच्या हातात देता येते. फटाका तीच ऊर्जा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवतो, म्हणून त्याच्यापासून दहा पावलं लांब उभं राहायचं.

पल्स पॉवर या शास्त्राचा सगळा पसारा या वेळेच्या खेळावर उभा आहे. एक जूल ऊर्जा म्हणजे फार काही नव्हे; शंभर ग्रॅमचा पेरू हातभर, म्हणजे मीटरभर, वर उचलायला साधारण तेवढी लागते. ती एका सेकंदात खर्च केली तर शक्ती एक वॅट. तीच एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात खर्च केली, तर शक्ती शंभर कोटी वॅट. पेरू तेवढाच आहे. वेळ आकसली आहे.

कार्यशाळेत पहिल्याच दिवशी याचं प्रात्यक्षिक झालं. जाड तांब्याच्या तारेचे तीन वेढे, त्यांच्या आत सरबताचा रिकामा अॅल्युमिनियमचा डबा, आणि पलीकडे जाळीच्या पिंजऱ्यात कपॅसिटर. पाठ्यपुस्तकात त्याला संधारित्र म्हणतात. प्रयोगशाळेत कोणी म्हणत नाही. १०० मायक्रोफॅरड, ५००० व्होल्ट. हिशेब केला तर साठवलेली ऊर्जा १२५० जूल, म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा दिवा साडेबारा सेकंद जळेल इतकी. कपॅसिटर हळूहळू भरला, कोणीतरी मोठ्याने आकडे मोजले, आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. डबा मधोमध आवळून डमरूसारखा झाला होता. त्याला कशाचाही स्पर्श झाला नव्हता. वेढ्यांतून हजारो अँपिअरचा प्रवाह काही दशलक्षांश सेकंद वाहिला. त्याच्या चुंबकीय क्षेत्राने डब्याच्या पत्र्यात उलटा प्रवाह निर्माण केला. दोन उलटे प्रवाह एकमेकांना ढकलतात, आणि दोघांत पत्रा नरम, म्हणून तो आत गेला. हेच तंत्र कारखान्यात तांबं आणि अॅल्युमिनियम जोडायला वापरतात, कारण या दोन धातूंचं नेहमीच्या वेल्डिंगने नीट जमत नाही. दिव्याने साडेबारा सेकंदांत फक्त भिंत उजळली असती. खिळ्यावर दिवसभर तळहात दाबून धरला तरी तो लाकडात शिरत नाही, आणि हातोडीच्या एका ठोक्यात शिरतो, तसंच हे.

ठोक्यावरून मला माझे वडील आठवले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना मूतखड्याचा त्रास झाला होता. तोवर मूतखडा मोठा असला तर कुशीला वीतभर चीर ठरलेली. मुंबईत तेव्हा एक नवीन यंत्र आलं होतं. मी काचेबाहेर उभी होते. वडिलांना एका खुर्चीवजा पाळण्यात बसवून कोमट पाण्याच्या टाकीत उतरवलं, आणि पाण्याखाली टक्, टक्, टक् सुरू झालं. दर ठोक्याला खाली निळसर चमक. तासाभरात दोनेक हजार ठोके. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "कोणीतरी आतून दार वाजवत होतं." पुढचे काही दिवस चहाच्या जुन्या गाळणीत वाळूचे कण सापडत राहिले, आणि आईने ती गाळणी नंतर खिडकीतून लांब भिरकावली.

त्या टाकीच्या तळाशी नेमकं काय चाललं होतं, हे वीज शिकवणाऱ्या मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. पाण्यात दोन टोकं जवळजवळ ठेवलेली. त्यांच्यात सुमारे २० हजार व्होल्टचा छोटा कपॅसिटर एकदम रिकामा करायचा. ठिणगीमुळे पाण्याची क्षणात वाफ होते, तिचा धक्का लाटेसारखा पसरतो. ठिणगीभोवती लंबगोल वाटी असते, आणि लंबगोलाला दोन नाभी असतात. एका नाभीत ठिणगी, दुसऱ्या नाभीत रुग्णाचा खडा. मांस पाण्यासारखंच, म्हणून लाट त्यातून बिनबोभाट जाते. खडा कडक आणि ठिसूळ, म्हणून तो फुटतो. एका ठोक्याची विजेची ऊर्जा १६ जूलच्या आसपास. किलोचं माप दीड मीटरवरून सोडलं तर तेवढीच भरते. ठोका हृदयाच्या ठोक्याशी मेळ साधून द्यायचा, म्हणजे भलत्या क्षणी हृदयाला धक्का बसत नाही. पहिल्या रुग्णावर हा उपचार म्युनिकमध्ये फेब्रुवारी १९८०मध्ये झाला. यंत्र बनवणारी डॉर्निए ही मुळात विमानांची कंपनी. वेगवान विमानाच्या अंगावर पावसाचे थेंब आपटून खड्डे कसे पडतात, याचा अभ्यास करताना त्यांना ही धक्क्याची लाट सापडली होती.

आता वेळ आकसायची कशी, ते बघू. कपॅसिटर भरायला सेकंद लागोत की मिनिट, घाई नाही. घाई रिकामा करताना. पण एका कपॅसिटरवर दहा लाख व्होल्ट चढवायला गेलं, तर तो तिथेच फुटेल. यावरची युक्ती एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने १९२४मध्ये काढली, आणि आजही बहुतेक मोठ्या यंत्रांच्या मुळाशी ती आहे. दहा कपॅसिटर शेजारी शेजारी जोडून प्रत्येक एक लाख व्होल्टला भरायचा. मग त्यांच्यामधल्या हवेच्या फटींत एकाच वेळी ठिणग्या पाडायच्या. ठिणगी म्हणजे क्षणापुरती तारच. त्या क्षणी शेजारी शेजारी असलेले दहा कपॅसिटर एकावर एक चढल्यासारखे होतात आणि टोकाला दहा लाख व्होल्ट मिळतात. पंक्तीत बसलेली पोरं शिट्टी वाजताच दहीहंडीच्या थरांत उभी राहावीत तसं. मार्क्सला हे हवं होतं ते विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर नकली वीज पाडून बघायला. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यांत आजही माल बाहेर पाठवण्याआधी याच उपकरणाने तो तपासतात.

मार्क्सच्या उपकरणाला रिकामं व्हायला सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो. पल्स पॉवरवाल्यांच्या मोजमापाने ही म्हणजे पॅसेंजर गाडी झाली. म्हणून पुढचा टप्पा, आणि तो साध्या पाण्याचा आहे. कार्यशाळेत मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं. क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी दोन नळकांड्यांच्या मधल्या पोकळीत भरलं, की तो उत्तम कपॅसिटर होतो. त्याच आकाराच्या हवेच्या कपॅसिटरपेक्षा ८० पट धारणा. मग घरोघरी पाण्याचे कपॅसिटर का नाहीत? कारण ती गळकी घागर आहे. विजेचा दाब पाणी जेमतेम काही मायक्रोसेकंद सहन करतं, मग फुटतं. तेव्हा ती गळायच्या आत भरायची आणि गळायच्या आत रिती करायची. मार्क्स उपकरण ती एका मायक्रोसेकंदात भरतं. दुसऱ्या टोकाचा स्विच जोडला, की ती १०० नॅनोसेकंदांत रिकामी होते. निर्वात पोकळीत प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. पाण्यात विजेचा स्पंद त्याच्या नवव्या हिश्श्याने, सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर. त्यामुळे १०० नॅनोसेकंदांचा स्पंद द्यायला पावणेदोन मीटर लांबीची नळी पुरते. मध्ये पाण्याऐवजी पोकळीच असती, तर १५ मीटरची लागली असती.

अशी एकच नळी रिकामी केली तर भरलेल्या व्होल्टेजच्या निम्मंच हाती लागतं. दोन नळ्या एका विशिष्ट तऱ्हेने जोडून पूर्ण व्होल्टेज मिळवायची रचना अॅलन ब्लुमलाइनची. स्टिरिओ ध्वनीची कल्पनाही याच माणसाची, १९३१मधली. १२८ पेटंटं नावावर असलेला हा इंग्रज अभियंता ७ जून १९४२ रोजी नव्या रडारची चाचणी घेताना हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानाच्या अपघातात गेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. युद्धकाळ होता, त्यामुळे मृत्यूची बातमीही दडवली गेली. आज ब्लुमलाइन हा शब्द या क्षेत्रात सामान्यनाम झाला आहे. 'आमचा ब्लुमलाइन गळतोय' असं एक तरुण संशोधक चहाच्या सुट्टीत म्हणाला, तेव्हा मला जरा चमकायला झालं.

मार्क्सची युक्ती, पाणी आणि ब्लुमलाइन हे सगळं एकत्र बांधलं ते इंग्लंडात ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत, १९६०च्या दशकात, जे. सी. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मित्र त्यांना चार्ली म्हणत. त्यांना हवी होती क्ष-किरणांची अतिशय तीव्र आणि अतिशय छोटी चमक, स्फोट चालू असताना त्याच्या आतलं छायाचित्र घ्यायला. हेतूबद्दल प्रत्येकाने आपलं मत करावं. मला तो फारसा आवडत नाही. त्यांची कामाची पद्धत मात्र मला फार आपली वाटली. महागडे सुटे भाग मागवण्यापेक्षा प्लास्टिकचे कागद, पत्रे, पाणी आणि डिंक यांच्यावर काम भागवायचं, आणि काय फुटलं, का फुटलं, ते साध्या टिपणांत लिहून ठेवायचं. या टिपणांचं पुस्तक पुढे १९९६मध्ये निघालं. आमच्या तंत्रनिकेतनात अनुदान यायच्या आधी आम्ही जसे प्रयोग उभे करायचो, त्याची मला आठवण झाली.

हा घरगुतीपणा आजही टिकून आहे. कार्यशाळेतल्या यंत्राजवळ हाताएवढ्या जाड पारदर्शक नळ्या टांगलेल्या होत्या, आत गडद निळं पाणी. मी विचारलं, तर उत्तर आलं, "मोरचूद." नाशिकच्या द्राक्षबागेत आणि कोकणात पोफळीवर फवारतात तोच. हजारो जूल एका क्षणात गिळायचे, तर तारेचा किंवा कार्बनचा रोधक जळून जातो. मोरचुदाचं पाणी सगळीकडे सारखं तापतं आणि पुन्हा गार होतं. रोध कमी हवा असेल तर आणखी चिमूटभर टाका. मोठ्या कपॅसिटरच्या पोटात कागदाच्या घड्या कशात भिजवतात, तर एरंडेलात. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या एरंडेलाचा हा मानाचा उपयोग मला या वयात कळला.

त्या एरंडेलाच्या कागदाशी माझं एक जुनं देणं आहे. नोकरीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी माझ्या प्रयोगशाळेत एक जुना उच्च-व्होल्टेज कपॅसिटर होता. प्रयोग संपला, मी स्वतः त्याची टोकं जोडून तो रिकामा केला, ठिणगी उडालेली पाहिली, आणि जोडतार काढून वही तपासायला बसले. वीसेक मिनिटांनी आमचे प्रयोगशाळेतले मामा तो कपाटात ठेवायला गेले. त्यांचा हात टोकांना लागला आणि ते मागच्या बाकावर फेकले गेले. ते वाचले. पण उजव्या हाताची दोन बोटं पुढे कायम बधिर राहिली, आणि निवृत्त होईपर्यंत ते शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायचे. मला कोणी बोललं नाही. कपॅसिटर रिकामा होता असंच सगळे म्हणत राहिले, आणि मी गप्प बसले.

तो रिकामा नव्हता. पंचा कितीही पिळला आणि दोरीवर टाकला, तरी थोड्या वेळाने हात लावला की ओलसर लागतो, कारण धाग्यांच्या आतलं पाणी बाहेर येत राहतं. कपॅसिटरमधल्या कागदातही विजेचा काही भाग असाच मुरलेला असतो. टोकं क्षणभर जोडून उघडी सोडली, की तो हळूहळू बाहेर येतो आणि व्होल्टेज पुन्हा चढतं. म्हणून टोकं जोडून ठेवायची आणि तशीच ठेवायची, रात्रभर, कपाटातसुद्धा. हे पुस्तकात होतं. मी ते शिकवलंही होतं, दोन गुणांचा प्रश्न म्हणून. बेंजामिन फ्रँकलिननेही डिसेंबर १७५०मध्ये लीडन बरण्यांनी टर्की कोंबडा मारायला जाऊन तो झटका स्वतःच खाल्ला होता. ती गोष्ट मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायची. त्या वर्षापासून सांगणं बंद केलं.

कार्यशाळेत पहिल्या सकाळी भाषणांच्याही आधी सगळ्यांना पिंजऱ्याजवळ नेलं आणि अर्थिंगची काठी दाखवली: लांब लाकडी दांडा, टोकाला पितळी आकडा, त्याला जमिनीशी जोडलेली जाड वेणीची तार. पिंजऱ्यात पाय ठेवायच्या आधी ती प्रत्येक कपॅसिटरला लावायची आणि आत माणूस असेपर्यंत लटकत ठेवायची. दाखवणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने हे इतकं निगुतीने केलं, की मी दुसऱ्या दिवशी त्याला मुद्दाम जाऊन सांगितलं.

दुसरा दिवस नव्या कामांचा होता. ठिणगीच्या फटींऐवजी आता अर्धवाहकांचे स्विच येत आहेत, त्यामुळे दिवसाला एकेक बार काढण्याऐवजी सेकंदाला शेकडो छोटे स्पंद देता येतात. युरोपात वेफर्सचे कारखाने बटाटा कापायच्या आधी त्याला असे स्पंद देतात. पेशींच्या आवरणांना सूक्ष्म छिद्रं पडतात, बटाटा मऊ होतो आणि सुरीखाली चिरफाळत नाही. अनियमित धडधडणाऱ्या हृदयातला नेमका भाग न भाजता निकामी करायलाही आता हीच छिद्रं वापरतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेचं 'झेड' यंत्र हे या कुळातलं सगळ्यात मोठं. त्यात केसाहून बारीक टंगस्टनच्या तारांमधून २ कोटी ६० लाख अँपिअरचा प्रवाह सोडतात, तारांची वाफ होऊन ती आत चेपली जाते, आणि क्ष-किरणांची शक्ती ३५० लाख कोटी वॅटवर जाते. जगातली सगळी वीजकेंद्रं मिळून देतात त्याच्या अनेक पट. आणि या महायंत्रात साठवलेली ऊर्जा किती? २.२ कोटी जूल. बिलाच्या भाषेत सहा युनिट.

हे सहा युनिट मी वहीत दोनदा अधोरेखित केले, कारण भाच्याला द्यायचं उत्तर मला तिथे दिसलं.

आता काली. पूर्ण नाव किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८०च्या दशकापासून या मालिकेतली यंत्रं उभी राहिली. 'काली ५०००' हे त्यांतलं गाजलेलं. आद्याक्षरं जुळवून देवीचं नाव कोणी बसवलं कोण जाणे, पण याच यंत्राचं नाव 'कमल' ठेवलं असतं, तर निम्मे निरोप लिहिलेच गेले नसते. रचना वर सांगितली तीच: मार्क्सचं उपकरण, मग ब्लुमलाइन, आणि शेवटी निर्वात नळी, जिच्यात ऋणाग्रातून इलेक्ट्रॉनांचा झोत उसळतो. हा झोत जड धातूवर आपटला, की क्ष-किरणांची चमक मिळते आणि उडत्या गोळीचं स्थिर छायाचित्र घेता येतं. झोत फार दाट केला, तर इलेक्ट्रॉन एकमेकांनाच मागे रेटतात, पुढेमागे हेलकावतात, आणि त्यातून तीव्र सूक्ष्मलहरी निघतात. त्या उपकरणांवर सोडून, आतल्या नाजूक चिपा कितपत तग धरतात हे तपासता येतं. याचा संरक्षणाशी संबंध आहे, आणि तो नाकारायचं कारण नाही. चिप जाळायला फार ऊर्जा लागत नाही, ती झटक्यात यावी लागते; डब्यासारखंच.

पण ४० गिगावॅट? व्होल्टेज साधारण दहा लाख, प्रवाह ४० हजार अँपिअरच्या घरात. गुणाकार केला की चाळीस अब्ज वॅट येतात. निरोपातला आकडा तो हाच. निरोपात नसलेला आकडा म्हणजे १०० नॅनोसेकंद. तोही गुणला की उरतात ४००० जूल. कपभर चहा, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी, एवढ्या ऊर्जेने सुमारे साडेसहा अंशांनी तापतं. प्रवाह दुप्पट धरला, तर तेरा अंशांनी. पिण्याजोगा तरीही होत नाही. शिवाय दहा लाख व्होल्टच्या झोतातला इलेक्ट्रॉन हवेत सोडला, तर चारेक मीटर जाऊन थांबतो. सियाचीन राहू द्या, तो प्रयोगशाळेच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतही नीट पोहोचणार नाही.

मे महिन्यात भाचा सांगलीला आमच्याकडे आला, तेव्हा मी हे सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कप पुढे ठेवून सांगितलं. त्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळलं. मग म्हणाला, "म्हणजे तो डोंगर आपोआप पडला?"

"बर्फ पडतो. तिथे दरवर्षी पडतो, आपलीही माणसं त्यात जातात. त्या दिवशी तळावरची १४० माणसं गेली. सगळे सैनिकसुद्धा नव्हते, अकरा जण साधे कामगार होते. देह काढायचं काम कित्येक महिने चाललं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. चहा निवला. मग त्याने मोबाइल काढून तो जुना निरोप शोधला, ज्या गटातून आला होता तो गट उघडला, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहायला घेतल्या.

"मावशी," त्याने मान वर न करता विचारलं, "चार हजार जूल लिहू, की थेट साडेसहा अंश?"